त्रेचाळीस डबे

मला चारलाच जाग येते.
कुणी उठवत नाही. आधी हात उठतात,
मग मी.

खाडगाव रोडच्या मागं पत्र्याची दीड खोली.
साडेसात किलो पीठ, दोन्ही वेळच्या मिळून
पोळ्या दोनशे अठ्ठावन्न.
डॉक्टर व्हायला लातुरात आलेली पोरं,
त्यांचं अंग माझ्या पिठावर वाढायचं.
पाण्याची रेल्वे आली त्या साली
तेव्हाची पोरं एका बादलीत दोघं अंघोळ करून
क्लासला पळायची. पण गेली नव्हती.
या वेळी दोन दिवसांत गल्ली रिकामी.

एकच आला डबा द्यायला,
तोंडाला रुमाल, पाठीवर गादीची वळकटी.
"मावशी, पंधरा दिवसांनी येतो."
बाकीचे मीच गोळा केले दारादारांतनं.
एकात भेंडी, वाळून काडी झालेली.
झाकणांवर नावं घातली होती मी नेलपॉलिशनं,
शिवकांताची लाल बाटली त्यातच संपली:
अजय मुखेड. सोहेल उदगीर.
प्रतीक दोन, म्हणून एकाला टिंब.

मग फोन.
"ताई, नऊ दिवसांचे उरलेत बगा. पाचशे चाळीस."
अजयचा बाप. मुखेडला कटिंगचं दुकान.
दुकान बंद आहे, हे मी विचारलं नव्हतं.
म्हणलं, भाऊ, पैशाचं पीठ झालं, तेल झालं.
तो म्हणला, हां.
मी म्हणलं, हां.
दोघंबी फोन ठेवीनात.
बोलायला आता पैसे पडत नाहीत ना.

मन्मथच्या ऑटोत शाळेची बारा लेकरं बसायची,
त्या जागी टरबुजं. सात ते अकरा.
अकरा वाजून पाच मिनिटांनी
चौकात काठी पडली, एक टपावर
अन् एक टरबुजावर.
फुटकं घरी आणलं त्यानं.
चौघांनी खाल्लं. गोड निघालं.
बिया थुंकायचा आवाज तेवढा.

रेशनचा तांदूळ मिळाला, खोटं कशाला बोलू.
पण भातानं आमच्यात पोट भरत नाही,
नुसतं गप बसतं.
हप्त्याचा साहेब फोनवर म्हणला,
तीन महिने सूट आहे, काळजी करू नका.
मग शेवटाला हळूच, व्याज चालू राहील.
म्हणजे सगळं गाव बंद,
तेवढं एक चालू.

मे महिन्यात भंगारवाला आला चोरून.
डबे पोत्यात भरले.
त्रेचाळीस डबे एकमेकांवर पडताना
वरात गेल्यावानी वाजतात.
शिवकांता दारात आडवी.
"आये, पोरं आली तर कशात देशील?"
मी पोतं खाली ठेवलं.
शहाणपणानं नाही. जड होतं.

मिक्सर गेला मग. आठशे आले.
त्यातले तीनशे मुखेडला धाडले,
शेजारच्या पोराच्या फोनवरनं.
राहिलेले दोनशे चाळीस त्यानं मागितले नाहीत.
मी विसरले नाही.
हळद ठेवायची 'सोहेल'मध्ये,
मीठ टिंबवाल्या प्रतीकमध्ये.
घासून घासून झाकणं पांढरी पडली,
नेलपॉलिश काही निघालं नाही.

पुढच्या साली क्लास उघडले, तेव्हा अकरा आले.
सगळे नवे.
हात मात्र पहिल्या दिवशी
दोनशे अठ्ठावन्नचंच पीठ काढून बसले.
आता दोनशे पोळ्यांचं करायचं काय?
गाईला घातलं थोडं, थोडं वाटलं, थोडं आंबलं.

हिमायतनगरचा एक पोरगा, बारीक, चष्म्याचा,
डबा उलटापालटा करून बघत म्हणला,
"मावशी, यावर अजय लिहिलंय. कोण हा?"
आहे एक.
"येणारे का?"

मी तव्याकडं बघत म्हणलं,
जेव तू.
गरम आहे तवर.